हात हजर पाहिजे

“बायकोसाठी हवंय,” गार्लंड योकम म्हणाला. “चपटं, आटोपशीर. रविवारच्या कोटाखाली दिसणार नाही असं. ती नवीनच शिकतेय.”

लॉफ्टिसच्या हार्डवेअर दुकानात खिळ्यांची पिंपं आणि मासळीच्या आमिषाचा फ्रीज ओलांडला की सगळ्यात मागे पिस्तुलांचं काउंटर लागतं. काउंटरच्या पलीकडे डेल्फा ट्रॅमेल उभी होती. ती तिथे एकतीस वर्षं उभी आहे. काउंटरच्या अलीकडे, शेगडीजवळच्या बाकावर हॉइट आणि व्हर्जिल हे दोघे म्हातारे दुकानाची फुकट कॉफी पीत होते, आणि तेही साधारण तितकीच वर्षं पीत आहेत. गार्लंडचं बोलणं कानावर पडताच दोघांनी कप खाली ठेवले. लोकांच्या बायकांसाठी पिस्तूल निवडून देणं हा त्यांचा हातखंडा विषय. स्वतःच्या बायकांनी त्यांना कधी उशीचा अभ्रासुद्धा निवडू दिला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

“सगळ्यात बारकं असेल ते दे त्याला,” हॉइट म्हणाला. “बाईमाणसाचा हात तो केवढा! पर्समध्ये लिपस्टिकशेजारी मावलं की झालं.”

“आणि गुलाबी दे,” व्हर्जिल म्हणाला. “गुलाबी असलं की धक्का कमी बसतो.”

“बारकं पिस्तूल म्हणजे बारकं गाढव,” डेल्फा म्हणाली. “वजन कमी, लाथ तेवढीच. हॉइट, तू तुझ्या बायकोला तसलंच नेऊन दिलं होतंस. तिनं ते एकदाच झाडलं. तेव्हापासून ते कपाटात आहे आणि तू सोफ्यावर.”

व्हर्जिलला कॉफीचा ठसका लागला. गार्लंड हसला नाही. सव्वासहा फूट उंच, कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक चालवणारा, दाणागोट्याची पोती एका हातात एक अशी उचलणारा हा माणूस काउंटरच्या काचेकडे असा बघत होता की जणू आत साप ठेवलेत.

डेल्फाबद्दल आमच्या हिकरी फोर्क गावात पुष्कळ गोष्टी सांगतात. त्यातल्या निम्म्या खऱ्या आहेत आणि उरलेल्या त्याहूनही खऱ्या. ती नुसता हात मिळवून माणसाला कोणतं हत्यार लागेल ते सांगते. एकदा राजधानीहून मतं मागत आलेल्या एका पुढाऱ्यानं तिच्याशी हस्तांदोलन केलं. ती म्हणाली, “तुमचं बोट चापापर्यंत नीट पोचणार नाही, आणि लग्नाची अंगठी तुम्ही गावाच्या वेशीवर काढून खिशात ठेवलीय.” तो पुढारी त्या दिवशी जो गेला तो पुन्हा या डोंगरात दिसला नाही. त्याच्या विरोधकानं मात्र निवडून आल्यावर डेल्फाला एक अख्खं डुकराचं तंगडं पाठवलं.

तिचा नियम एकच होता. हात हजर पाहिजे. ज्याचं हत्यार त्याचा हात काउंटरवर आला पाहिजे. मग सासू असो, आजारी काका असो की वाढदिवसाला चकित करायची बायको असो. एका पठ्ठ्यानं भावाच्या हाताचा प्लॅस्टरमधला ठसा करून आणला होता. डेल्फानं त्या ठशाला अदबीनं नमस्कार केला आणि त्याला परत पाठवलं.

त्यामुळे आता काय होणार हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. गार्लंडलाही ठाऊक असावं, कारण तो आधीच बोलला, “ट्वायला येऊ शकत नाही, मिस डेल्फा. ती शाळेत शिकवायला जाते. मग पियानोचे क्लास घेते. मग तिच्या आईकडे.”

“वर्षभर?”

“जवळजवळ.”

डेल्फानं त्याच्याकडे पाहिलं. तिला तीन गोष्टी माहीत होत्या आणि बाकावरच्या दोघांना त्यातली एकच माहीत होती.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी, की बुधवारच्या प्रार्थनेनंतर ब्रदर कॉयनं, म्हणजे आमच्या चर्चच्या पाद्रीनं, रखवाली मंडळाची नावं जाहीर केली होती. हल्ली आजूबाजूच्या बऱ्याच चर्चांमध्ये असं मंडळ असतं. दरवाजांवर दोनचार विश्वासाची माणसं, कोटाखाली पिस्तूल. ब्रदर कॉय म्हणाला होता, “आणि मुख्य दारावर आपला गार्लंड.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. गार्लंडची आई रुमालानं डोळे टिपायला लागली. गार्लंड उभा राहिला, तोंड उघडलं, आणि तसंच मिटून खाली बसला. कोणाला त्यात काही वाटलं नाही. आमच्याकडे एवढ्या अंगाच्या माणसाला नेम येतो का असं विचारणं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारण्यासारखं. त्यात गेली अकरा वर्षं दर नोव्हेंबरात गार्लंड जंगलातून बाहेर यायचा तो खांद्यावर शालीसारखं हरीण टाकून. ज्याच्या खांद्यावर हरीण, त्याच्या नावावर नेम.

दुसरी गोष्ट फक्त डेल्फाला माहीत होती. ट्वायला योकमनं लग्नाच्या वर्षी बंदुकीच्या काडतुसांची एक पेटी नेली होती, वीसची. त्यातली तीन दुकानामागे दुर्बीण जुळवायला झाडली, आणि तिन्ही भोकांवर मिळून एक बाटलीचं बूच बसलं असतं. त्यानंतर तिनं दुसरी पेटी नेली नाही. अकरा वर्षं, अकरा हरणं, आणि पेटीत अजून सहा शिल्लक असणार. गार्लंडनं मात्र या काउंटरवरून कधी एक काडतूससुद्धा विकत घेतलं नव्हतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ट्वायला चर्चला फ्रॉक घालून येते. कोट तिच्याकडे नाहीच.

“बरं,” डेल्फा म्हणाली, “तोवर तुझाच हात दे.”

“नियम मोडतेस?” हॉइट ओरडला.

“कुठं मोडला? अकरा वर्षं एका घरात राहिलं की नवरा-बायकोचे हात एकमेकांसारखे होतात. तुला नाही कळायचं, तू सोफ्यावर असतोस.”

दोघांनी माना डोलावल्या. डेल्फा जे बोलते त्याला शास्त्राधार असतो, अशी त्यांची समजूत होती. गार्लंडनं हात पुढे केला. तो हात केवढा! तव्यावरच्या जाड भाकरीला बोटं फुटावीत तसा. आणि तो हात थंडगार होता, तळव्याला घाम, अंगठा ताठ. डेल्फानं तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ धरून ठेवला.

मग तिनं हिरवा फेल्ट पसरला आणि तीन पिस्तुलं काढली. प्रत्येकाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, बाहेर, वरची सरकती स्लाइड मागे, नळीच्या मागची पोकळी आधी डोळ्यांनी बघायची, मग करंगळी आत घालून चाचपायची. एकतीस वर्षांत तिनं हे एकदाही चुकवलं नव्हतं, अगदी मघाशीच तपासून ठेवलेल्या पिस्तुलालाही नाही.

पहिलं अगदी चिमुकलं होतं. गार्लंडच्या मुठीत ते चिमणीच्या पिल्लासारखं दिसेनासं झालं. “बघ,” ती त्याची करंगळी चिमटीत धरून म्हणाली, “तुझ्या बायकोची ही करंगळी इथं खाली लोंबकळणार. मुठीला तीन बोटंच. मग धक्का बसला की नळी आभाळाला.”

“हो,” गार्लंड म्हणाला.

“आणि तुझ्या बायकोचा हा अंगठा या खटक्यावर पडतोय. शेवटची गोळी गेली की स्लाइड मागे अडकून राहायला हवी, ती राहणार नाही. पिस्तूल रिकामं झालंय हे तिला कळायचंच नाही.”

“अंगठा मोठाच आहे तिचा,” गार्लंड पुटपुटला.

“ट्वायलाचा?” हॉइटनं विचारलं.

“पियानो वाजवून होतात,” व्हर्जिल म्हणाला.

दुसरं पोलिसांच्या कमरेला असतं तसलं जाडजूड होतं. हाताला ते छान बसलं, पण कोटाखाली पावाची लादी लपवल्यासारखं दिसलं असतं. तिसरं डेल्फानं शेवटी ठेवलं होतं. नऊ मिलिमीटरचं, रुंदीला तिच्या बोटाएवढं. पण सांगाडा पोलादी, आणि मॅगझिनच्या तळाशी जोड दिलेली, म्हणजे मूठ अर्धा इंच लांब.

“चपटं म्हणजे रुंदीला चपटं. उंचीला चपटं घेतात आणि मग रडतात,” ती म्हणाली. “पोलाद थोडं जड आहे. ते जडपण धक्का खातं. कमरेला दिवसभर वाहायचं ओझं आणि हाताला बसायची लाथ, यांत कुठंतरी तडजोड करावी लागते. नव्या माणसानं ओझ्याच्या बाजूनं करावी. आता चापावर बोट ठेव. पेर नाही, बोटाची उशी. हं. खिडकीबाहेरच्या त्या खांबावर नेम धर आणि ओढ.”

गार्लंडनं डोळे घट्ट मिटले आणि चाप ओढला. रिकाम्या पिस्तुलाचा टक् असा आवाज झाला. त्याचे खांदे कानांपर्यंत गेले.

डेल्फा चटकन त्याच्या आणि बाकाच्या मध्ये येऊन उभी राहिली, इतक्या सहज की म्हाताऱ्यांना ती शेगडीत लाकूड टाकायला आली असंच वाटलं. तिनं खरंच एक लाकूड टाकलं. मग हळू आवाजात म्हणाली, “सोमवारी दुकान बंद असतं. तीन वाजता खडीच्या जुन्या खाणीवर ये. हे पिस्तूल बाजूला काढून ठेवते. सरकारी फॉर्म तेव्हा भरायचा जेव्हा मी म्हणेन. आणि त्यावर ज्याचं हत्यार त्याचंच नाव, समजलं ना? माझ्याशी खोटं बोललास तेवढं पुरे.”

गार्लंडचे कान गाजरासारखे लाल झाले. “येस मॅम,” तो म्हणाला.

सोमवारी खाणीवर डेल्फानं पंचवीस पावलांवर नाही, पाच पावलांवर कागद लावला. कानांत बोळे, डोळ्यांवर चष्मे. तिची स्वतःची बोटं संधिवातानं आल्याच्या कुड्यासारखी वाकडी झाली होती. चिमटीत धरून स्लाइड ओढणं तिला सात वर्षांपूर्वीच जमेनासं झालं होतं. तेव्हापासून ती डाव्या हाताची पूर्ण मूठ वर घट्ट धरायची आणि उजव्या हातानं पिस्तूलच पुढे ढकलायची. स्लाइड मागे येते की पिस्तूल पुढे जातं, हे पिस्तुलाला काय कळतंय! ही युक्ती तिनं मग कौंटीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना शिकवली. आणि दुखऱ्या हातांमुळे सुचली हे कोणाला सांगितलं नाही.

तिनं मॅगझिन भरलं, पाठमोरी होऊन. “दहा आहेत,” ती म्हणाली. “सावकाश.”

पहिली गोळी खाली मातीत गेली. दुसरी पण. तिसऱ्यांदा चाप ओढला तर टक् झालं. गोळी सुटली नाहीच. पण पिस्तुलाचं तोंड तरीही कोंबडीनं दाण्यावर चोच मारावी तसं खाली आपटलं.

गार्लंड हातातल्या पिस्तुलाकडे बघत राहिला.

“मधूनमधून फुसकी काडतुसं घातलीत,” डेल्फा म्हणाली. “बार झाला की सगळं धक्क्यावर ढकलता येतं. बार नाही झाला की माणूस स्वतःला दिसतो. काय दिसलं?”

“मी दचकतो. बार व्हायच्या आधीच.”

“आणि?”

“डोळे मिटतो.”

“आणि धरतोस कसं! पिस्तूल धरत नाहीस, त्याचा गळा दाबतोस. ठेव खाली. बस.”

दोघं तिच्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसली. तिनं मिरची-चीजचं सँडविच अर्धं करून त्याला दिलं. खाता खाता त्यानं सांगितलं. तो सात वर्षांचा असताना काकानं त्याच्या हातात बारा बोअरची बंदूक दिली होती, नुसती गंमत म्हणून. तो उताणा पडला, खांदा निखळला, आणि अंगणात चौदा माणसं हसली. काका अजून दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवताना ती गोष्ट सांगतो आणि सगळे अजून हसतात. गार्लंडही हसतो. जंगलात तो दरवर्षी मचाणावर रिकामी बंदूक घेऊन बसतो, सँडविच खातो, आणि ट्वायलाच्या बंदुकीचा आवाज झाला की खाली उतरून हरीण खांद्यावर घेतो.

“लोकांना मी कधी सांगितलं नाही की मी मारलं म्हणून,” तो म्हणाला.

“नाही मारलं असंही नाही सांगितलंस.”

“ट्वायला म्हणाली, राहू दे. तिला त्याचं काही वाटत नाही.”

“ब्रदर कॉयला नाही का म्हणाला नाहीस?”

“आई रडत होती, मिस डेल्फा.”

डेल्फानं सँडविच संपवलं. हसली नाही, समजूतही घातली नाही. “ऐक,” ती म्हणाली. “तू ज्या दारावर उभा राहणार ते दार आणि वेदी यांच्या मधे मी तिसऱ्या बाकावर बसते. माझ्या पुढे लहान पोरांचा बाक असतो. तिथं कधी गोळी सुटायची वेळ आली, आणि देव करो न येवो, तर मिटलेल्या डोळ्यांची गोळी मला त्या खोलीत नकोय. तू कितीही चांगला असलास तरी. म्हणून शिकवेन मी. पण पिस्तूल विकेन की नाही, हे आत्ता सांगत नाही.”

“येस मॅम.”

“आणि अंगठा खाली. कितीदा सांगू?”

आधी तिनं त्याला लहान बावीस कॅलिबरच्या पिस्तुलावर बसवलं, ज्याचा आवाज टाळीएवढा. दोनशे गोळ्या. मग चपट्या नऊवर, पाच खऱ्या पाच फुसक्या, कोणती कधी ते तिलाही माहीत नाही अशा. घरी रोज संध्याकाळी रिकामं पिस्तूल, नळीच्या टोकावरच्या नेमाच्या माशीवर एक नाणं ठेवायचं आणि चाप असा ओढायचा की नाणं पडता कामा नये. त्यासाठी तिनं स्वतःचं जुनं, कधीच निकामी केलेलं पिस्तूल त्याला दिलं. ट्वायला स्वयंपाक करता करता पडलेली नाणी मोजायची. पहिल्या आठवड्यात ती म्हणे एका संध्याकाळी एक्केचाळीसपर्यंत मोजून झोपायला गेली. तिसऱ्या आठवड्यात तिनं डेल्फाला फोन केला, “काल एकही नाही पडलं. मी उठून बघितलं, डिंक लावलाय की काय.”

चौथ्या सोमवारी पंचवीसपैकी अठरा आत गेल्या. डोळे उघडे होते. खांदे कानांपासून खाली उतरले होते. डेल्फा बराच वेळ कागदाशी उभी राहिली. मग पिकअपमधून आपली पिशवी काढत म्हणाली, “उद्या दुकानात ये. फॉर्म भरू.”

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला, डेल्फानं सरकारी चौकशीचा फोन केला, पलीकडून होकार आला. गार्लंडनं पिस्तूल कुलूपबंद पेटीत घातलं. “ट्वायलाला आवडेल ना रे?” बाकावरून हॉइटनं विचारलं. गार्लंड म्हणाला, “बघू.”

दारावर उभं राहण्याआधी रखवाली मंडळाला नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. ती ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी खाणीवरच होती. घ्यायला डेप्युटी रँडल आला होता, जो गार्लंडबरोबर शाळेत फुटबॉल खेळलेला. नियम सोपे होते. पंचवीस गोळ्या, तीन, सात आणि दहा पावलांवरून, वीस तरी रेषेच्या आत. भोक रेषेला नुसतं शिवलं तरी आत. रखवाली मंडळाचे सहाही जण आले, त्यांच्या बायका आल्या, आणि आमच्याकडे चार माणसं जमली की कोणीतरी बटाट्याचं सॅलड आणतंच, म्हणून तीन जणी तीन सॅलडं घेऊन आल्या. हॉइट आणि व्हर्जिल घडीच्या खुर्च्या घेऊन आले. ब्रदर कॉयनं प्रार्थना म्हटली, जरा लांबलीच.

पाच जण पास झाले. गार्लंड शेवटचा. त्यानं पिस्तूल काढलं तेव्हा व्हर्जिल म्हणाला, “अरे, बायकोचं आणलं की!” लोक हसले. गार्लंडनं मान खाली घातली, मूठ नीट केली, अंगठा खाली घेतला. डेल्फा मागे सॅलडांच्या टेबलाशी हात बांधून उभी होती. तीन पावलांवरून सगळ्या आत. सात पावलांवरून दोन बाहेर. दहावरून त्यानं प्रत्येक गोळीआधी श्वास सोडला, इतका सावकाश की ब्रदर कॉयनं घड्याळाकडे पाहिलं.

शेवटची गोळी गेली. स्लाइड मागे जाऊन तिथेच थांबली, जशी थांबायला हवी. गार्लंडनं मॅगझिन काढलं, पोकळी बघितली, करंगळीनं चाचपली, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मगच वर पाहिलं.

रँडलनं कागदाशी उभं राहून मोजलं. “एकोणीस आत,” तो म्हणाला. “पाच बाहेर. आणि हे एक...” त्यानं नाक कागदाला लावलं. “हे रेषेवर आहे की काय?”

झालं! सगळी गर्दी कागदाभोवती. “शिवलंय रेषेला,” एक जण म्हणाला. “आत आहे, आत!” दुसरा. “अकरा हरणं मारणाऱ्याला काय एका भोकासाठी अडवता!” हॉइट म्हणाला. गार्लंडची आई हात जोडून उभी. ब्रदर कॉय म्हणाला, “मिस डेल्फाला विचारा. तिच्या डोळ्यांवर सगळ्यांचा विश्वास आहे.”

लोक बाजूला झाले. डेल्फा पुढे आली. कागद हातात घेतला. गार्लंडकडे पाहिलं नाही. चष्मा काढला, फ्रॉकच्या टोकानं पुसला, घातला. पुन्हा काढला. खिशातून रुमाल काढला, फुंकर मारली, पुसायला लागली.

“चष्मा पुसतेस की चांदीची भांडी घासतेस?” हॉइट म्हणाला.

ती पुसत राहिली. एक काच, मग दुसरी. वरून गिधाडांचा एक थवा गेला, तोही तिला बघत गेला असावा.

“बाहेर आहे,” गार्लंड म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

“मी जवळून बघितलं. भोक आणि रेषा यांच्या मधे कागदाचा पांढरा दोरा आहे. बाहेर आहे ते. आणि...” त्यानं टोपी काढली. त्याला एवढं मोठं भाषण करायची सवय नव्हती. “मी पाच आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा पिस्तूल झाडलं. मिस डेल्फानं शिकवलं. हे माझ्यासाठीच घेतलं. आणि हरणं ट्वायलानं मारली.”

“अकराच्या अकरा?” व्हर्जिल खुर्चीतून अर्धवट उठला.

“अकराच्या अकरा.”

हॉइट त्याच्याकडे बघत राहिला, मग ट्वायलाकडे, मग तिच्या अंगठ्याकडे.

ब्रदर कॉय हुशार माणूस आहे. तो खाकरला आणि ट्वायलाकडे वळला. “सिस्टर ट्वायला, मग मुख्य दारावर तूच—”

“मी पियानो वाजवते, ब्रदर कॉय,” ट्वायला सॅलडमधला चमचा न थांबवता म्हणाली. “दाराकडे पाठ करून. वाजवू की राखू, ते ठरवा. अकरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, तर आता रविवारच्या आदल्या दिवशी विचारताय.”

बायका हसल्या, आधी दबून, मग मोकळेपणानं. रँडलनं कागदावर एकोणीस आकडा लिहिला आणि खाली सही केली. पुढची परीक्षा मार्चात होती. गार्लंडनं कागद घडी करून खिशात ठेवला. त्याची आई त्याच्याजवळ गेली, त्याच्या कोटाच्या कॉलरवरची नसलेली सुरकुती सरळ केली आणि त्याच्या हातात सॅलडची बशी दिली.

हॉइट आणि व्हर्जिलनं ही गोष्ट नंतर सगळीकडे सांगितली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे डेल्फाला भोक बाहेर आहे हे दुरूनच दिसलं होतं, आणि पोराला स्वतः बोलायला वेळ मिळावा म्हणून तिनं बारा मिनिटं चष्मा पुसला. पुढे पुढे ती मिनिटं वीस झाली. पोराला वेळ द्यायचा होता हे खरं. पण खरी गोष्ट यातून अर्धीच कळते. तिनं पहिल्यांदा पुसून बघितलं तेव्हा तिला भोक दिसलं, रेषा दिसली, आणि दोन्हींच्या मधे नुसतं धुकं दिसलं. दुसऱ्यांदा पुसूनही धुकंच. एकतीस वर्षं लोकांनी जिच्या नजरेवर डोळे मिटून भरवसा ठेवला, तिला त्या दिवशी आत की बाहेर ते सांगता आलं नसतं. गार्लंड बोलला नसता तर ती काय बोलली असती, हे तिनं घरी जाताना गाडीत स्वतःला बऱ्याचदा विचारलं. गाडी तिनं त्या दिवशी फार सावकाश चालवली. मंगळवारी तिनं लॉफ्टिसला सांगितलं की काउंटरवर अजून एक दिवा लाव, गिऱ्हाइकांना नीट दिसत नाही. त्यानं लगेच दोन लावले.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, वारा सुटला होता. डेल्फा चर्चच्या पायऱ्या चढून आली तेव्हा गार्लंड मुख्य दाराशी होता. कोणी सांगितलं नव्हतं. दार उघडून धरायला परीक्षा लागत नाही, एवढं तो ब्रदर कॉयला म्हणाला होता म्हणे. कोटाची बटणं लावलेली, कोट कमरेला दोन्ही बाजूंनी सपाट. पिस्तूल घरी पेटीत कुलूपबंद होतं. एका हातात कोणाचं तरी झाकलेलं पातेलं, दुसऱ्या बगलेत दोन छत्र्या.

“मॉर्निंग, मिस डेल्फा.”

“मॉर्निंग, गार्लंड.”

ती आत जाऊन तिसऱ्या बाकावर बसली आणि मागे वळून पाहिलं. पियानो सुरू झाला होता. सगळे उभे राहून गाऊ लागले होते. बाहेर पायऱ्यांवर म्हातारा एल्मर टिबेट्स आपला चार पायांचा वॉकर एक पाऊल पुढे ठेवत होता, थांबत होता, श्वास घेत होता, पुन्हा एक पाऊल. वारा दाराला ढकलत होता. गार्लंडनं आपली रुंद पाठ दाराला टेकवली आणि तसाच उभा राहिला. त्यानं एल्मरला हात दिला नाही, कारण एल्मरला ते आवडत नाही. घाईही केली नाही. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, तरी दार उघडंच होतं.